खिडकी कुठली, ते आधी ठरव

आदरणीय ताई,

मी २९ वर्षांची आहे, धनकवडीला आईबाबांबरोबर राहते. बीकॉमनंतर एलएलबी केलं आणि गेली चार वर्षं शिवाजीनगर कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर आहे. कामं बहुतेक फौजदारी. ज्यांच्यावर केस चालू आहे अशांना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी मिळवून देण्याचे अर्ज सरांनी माझ्याकडेच सोपवलेत. महिन्याला अठरा हजार मिळतात.

आमच्या एका अशिलाचा भाऊ आखातात वेल्डर होता. गेल्या वर्षी तो तिथेच वारला. घरच्यांना कुणाला फोन करायचा तेही ठाऊक नव्हतं, म्हणून मी दूतावासात फोन लावला. तिथल्या एका अधिकाऱ्याने अकरा दिवस एकेका कागदासाठी स्वतःहून फोन केले. बाराव्या दिवशी मृतदेह इंदापूरला पोचला. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: मला हे काम करायचंय. वाणिज्यदूत किंवा इमिग्रेशन अधिकारी व्हायचंय. बाबा म्हणतात, एवढा कायदा शिकून कारकुनी करणार का? आईला सरकारी नोकरी चालेल, पण लग्नाचं काय, ही तिची काळजी. सर म्हणाले, 'कोर्टात उभा राहणारा माणूस खिडकीत बसला की संपला.' तुम्ही स्वतः कोट उतरवून परराष्ट्र खात्यात गेलात. चुकलं असं कधी वाटलं का? मी खुल्या गटातली आहे.

— काळ्या कोटातली, धनकवडी

प्रिय काळ्या कोटातली,

ताई म्हटलंस, तर मीही सरळ 'तू'च म्हणते. तुझ्या सरांचं वाक्य वाचून हसू आलं. माझ्या सरांनी मला हेच ऐकवलं होतं, फक्त त्यांच्या वाक्यात खिडकीच्या जागी टेबल होतं. शिवाजीनगरच्या आवारात मी तीन वर्षं कोट घालून वावरले. नंतर खात्यात गेले ती निवृत्त होऊनच पुण्यात परतले. चुकलं असं एकदा फार वाटलं होतं. ते सांगणार आहे, पण आधी तुझ्या पत्रातला एक शब्द उचलायचाय.

'वाणिज्यदूत किंवा इमिग्रेशन अधिकारी.' सगळा घोळ त्या 'किंवा'त आहे.

बाहेरून ही एकाच नोकरीची दोन नावं वाटतात. आपल्याकडे ती दोन वेगळ्या घरची कामं आहेत. दूतावास, वाणिज्य दूतावास आणि आपल्या मुंढव्याचं पासपोर्ट केंद्र, हे सगळं परराष्ट्र मंत्रालयाचं घर. मोठ्या विमानतळांवर शिक्का मारणारं इमिग्रेशन ब्युरो गृह मंत्रालयाचं. १९७१ पासून ते काम गुप्तवार्ता विभागाच्या, म्हणजे आयबीच्या छत्राखाली चालतं. पुण्यात शिकायला आलेली परदेशी मुलं नोंदणीसाठी जिच्याकडे जातात ती एफआरओची कचेरी तर पोलीस आयुक्तालयात आहे. आणि काम एकमेकांच्या अगदी उलट. वाणिज्यदूत समोरच्या आपल्या माणसाकडे बघून विचार करतो, याला कसं सोडवू? इमिग्रेशनवाला समोरच्याकडे बघून विचार करतो, याला सोडू का? मध्ये एका अक्षराचा फरक, पण स्वभाव दोन लागतात.

तुला त्या अकरा दिवसांनी जे वेड लावलं ते पहिल्या खिडकीचं आहे. मृतदेह गावी पाठवायचा म्हणजे तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, मालकाचं नाहरकत पत्र, एम्बामिंगचा दाखला, मग आपल्या दूतावासाचं नाहरकत पत्र, आणि शेवटी त्या माणसाचा पासपोर्ट रद्द करून शिक्का मारणं. मी हा शिक्का किती वेळा मारला याचा हिशोब ठेवला नाही. दरवेळी आधी फोटोचं पान उघडून बघायची, एवढं आठवतं. (जाता जाता: तो वेल्डर ईसीआर शिक्क्याच्या, म्हणजे नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या पासपोर्टवर रीतसर ती घेऊन गेला असेल, तर त्याचा प्रवासी भारतीय विमा असणार. अपघाती मृत्यूला दहा लाखांचा असतो. घरच्यांनी दावा केलाय का ते विचार. बऱ्याच घरांना पॉलिसी आहे हेच माहीत नसतं.)

बाबांना ही कारकुनी वाटते. त्यांना एक उदाहरण दे, पुणेकराला लगेच पटेल असं. न्यू जर्सीतल्या मुलाला कोथरूडचा फ्लॅट विकायचाय, पण रजा नाही. तो तिकडेच बसून इथल्या काकाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करतो. ते दुय्यम निबंधकाकडे चालेल की नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३३ ठरवतं, आणि त्यात नोटरी आणि न्यायाधीशांच्या रांगेत भारतीय वाणिज्यदूताचं नाव छापलेलं आहे. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. खिडकीतल्या माणसाने हे एक वाक्य सांगितलं नाही तर कागद पोस्टाने येतो, कपाटात पडून राहतो आणि चौथ्या महिन्यात काका वकील शोधत फिरतात. परदेशात जन्मलेल्या बाळाचंही तसंच. नागरिकत्व कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत दूतावासात नोंद करायची असते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं असतं. बाळ दीड वर्षाचं झाल्यावर धावत येणारी जोडपी मी पाहिली आहेत. मग दिल्लीची परवानगी, आणि पुढचं सगळं.

तुझ्या हातातले पासपोर्टचे अर्जही याच घरचे. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) तुला पाठ असेल. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना दाखवून तू कोर्टाकडून परवानगी आणतेस. न्यायाधीशांनी मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, हेही तू एखाद्या अशिलाच्या रडण्यावरून शिकली असशील. ते कलम आज तू खालून बघतेस. तिकडे गेलीस की तेच वरून बघशील, आणि ते वेगळं दिसतं. हा कायदा मुळात खटल्यातून जन्मला, हे तिकडच्यांनाही आठवण करून द्यावं लागतं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे. त्याच जूनमध्ये घाईने कायदा आला. त्याआधी कुणाला पासपोर्ट द्यायचा हे साहेबाच्या मर्जीवर होतं. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्याने त्यात आणखी भर घातली: पासपोर्ट जप्त करायचा तर माणसाचं ऐकून घ्या. कायदा शिकलेला माणूस त्या खुर्चीत बसला तर कारण लिहिताना त्याचा हात थोडा सावकाश चालतो. एवढंच, पण ते मला बरंच वाटतं.

आता ती चुकल्यासारखं वाटण्याची गोष्ट.

आखातातल्या एका देशात माझी नेमणूक होती. कोकणातला एक मुलगा, तेवीस वर्षांचा, चोरीच्या आरोपात पकडला गेला. कारखान्यातली तांब्याची तार गेली होती आणि तो रात्रपाळीला होता. दूतावासाने नेमून दिलेला तिथला वकील होता. सुनावणीला मी जाऊन बसले, शेवटच्या बाकावर. सोबतचा दुभाषी कानात भाषांतर करत होता. फिर्यादीच्याच कागदावर पाळी संपल्याची वेळ लिहिलेली होती आणि चोरीची वेळ त्यानंतरची होती. शिवाजीनगरला पहिल्या वर्षाचा ज्युनियरसुद्धा हे वाचून उठला असता. आमच्या वकिलाने तो कागद उलटलासुद्धा नाही.

मी उठू शकत नव्हते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे वाणिज्यदूत आपल्या माणसाला भेटू शकतो, त्याच्याशी बोलू शकतो, त्याच्यासाठी वकील लावून देऊ शकतो. पण मी तिथली वकील नव्हते, परक्या देशाची पाहुणी होते. हात मांडीखाली दाबून बसले. बाहेर आल्यावर वकिलाला व्हरांड्यात गाठून वेळेचा मुद्दा सांगितला. त्याने मान डोलावली, आणि पुढच्या तारखेलाही तो मुद्दा मांडला नाही. मुलाला चौदा महिने पडले.

त्या रात्री मला वाटलं, हे काय करून बसले मी? शिवाजीनगरला असते तर निदान ओरडता तरी आलं असतं.

पण मला जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या तुरुंगातल्या भेटींनी. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, घरी सांगू नका. करारातच आहे की माणसाने नको म्हटलं तर आपण त्याच्या वतीने काही करायचं नाही. अशिलाचं गुपित राखायची सवय आपल्याला असतेच. पण अशिलाची आई आपल्या टेबलावर रोज फोन करत नसते. तिचा फोन यायचा. मी सांगायची, तो बरा आहे, भेटले त्याला. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. चौथ्या भेटीत मी त्याला एवढंच म्हटलं, आईचा आवाज आता बसत चाललाय. त्याने स्वतःच पत्र लिहिलं. सुटल्यावर त्याच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. अशांसाठी २००९ पासून दूतावासांकडे समुदाय कल्याण निधी असतो, हे लक्षात ठेव. तुझ्या कोर्टातल्या कामातही उपयोगी पडेल.

भेटीचा हा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चं वजन किती, हे आपल्याकडे घराघरांत कळलं ते कुलभूषण जाधवांच्या खटल्याने. पाकिस्तानने वाणिज्यदूताला भेटू दिलं नाही, यावर भारत हेगला गेला. हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कराराचा भंग झाल्याचं सांगितलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला फर्मावलं. तुरुंगातली एक भेट नाकारली, त्यावर दोन देश जगाच्या कोर्टात उभे राहिले. ती भेट घेणारा माणूस तू होऊ बघतेस. बाबांना हेही सांग.

आता दुसरी खिडकी. तिच्याबद्दल मी कडक बोलणार आहे. कारण वकिलांना तीच जास्त खुणावते, अधिकार तिथे जास्त दिसतो म्हणून.

तू ज्या पायावर उभी आहेस तो म्हणजे, शाबीत करायचं काम फिर्यादीचं. परदेशी नागरिकांच्या कायद्यात हे पहिल्याच दिवशी उलटं होतं. १९४६ च्या कायद्याचं कलम ९ सांगायचं की मी परदेशी नाही हे ज्याचं त्याने सिद्ध करावं. तो कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन जुने कायदे गेले, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, पण हा भार जिथल्या तिथे आहे. अमेरिकेचंही तेच. आपल्याकडची कुटुंबं व्हिसासाठी पहाटेची शिवनेरी पकडून बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात जातात, दोन मिनिटांत बाहेर येतात आणि हातात '२१४ बी'ची चिठ्ठी असते. ते कलम काय म्हणतं? तू कायमचं राहायलाच येतोयस असं आम्ही धरून चालतो, तसं नाही हे तू पटव. त्या अधिकाऱ्याच्या नकारावर तिथलं न्यायालयही सहसा बोट ठेवत नाही. जून २०२४ मध्ये मुन्योज खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं. नवऱ्याला व्हिसा नाकारला म्हणून भांडणारी ती बाई अमेरिकन नागरिक होती, आणि स्वतः वकील होती!

आपल्या दूतावासांतही व्हिसाची खिडकी असते, आणि मी तिथे दोन वर्षं बसले. सुरुवातीच्या महिन्यांत एक म्हातारे गृहस्थ आले. तीन कागदांवर नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं. माझ्यातला वकील खूश झाला. जन्मतारखेपासून आजोबांच्या गावापर्यंत, चाळीस मिनिटं मी त्यांची उलटतपासणी घेतली. ते घाबरून एकेका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं देऊ लागले आणि मी प्रत्येक उत्तर टिपून घेत गेले. अर्ज बाजूला ठेवला. संध्याकाळी वरिष्ठांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "विसंगती सापडली, छान. कारण विचारलंस का?" विचारलं नव्हतं. कारण साधं होतं. त्यांचं नाव तीन कारकुनांनी ऐकून तीन वेळा दुसऱ्या लिपीत उतरवलं होतं. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच नाव असलेली माणसं आपण रोज बघतो, आणि तिकडे जाऊन मी हे विसरले! दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावणं पाठवलं. ते आले नाहीत.

कोर्टात तू कितीही टोकदार प्रश्न विचारलास तरी समोर दुसरा वकील असतो, वर न्यायाधीश असतात. तोल त्यांनी सांभाळायचा असतो. खिडकीत ते तिघंही तूच. हे ज्याला झेपत नाही, त्याच्या हातून वाईट माणूस नसतानाही वाईट कामं होतात.

आणि नियमच चुकीचा असेल तर? वकील हा प्रश्न विचारणारच, म्हणून सांगते. पोर्तुगालचे आरिस्तिदेस द सोझा मेंदेस कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकले होते आणि १९४० मध्ये बोर्दोला वाणिज्यदूत होते. नाझींपासून पळणाऱ्या माणसांना लिस्बनच्या मंजुरीशिवाय व्हिसा देऊ नका, असा त्यांच्या सरकारचा हुकूम होता. त्यांनी तो मोडला आणि जूनमध्ये दिवसरात्र सह्या केल्या. चौकशी झाली, नोकरीचं मातेरं झालं, १९५४ मध्ये गरिबीत वारले. त्यांच्या संसदेला त्यांच्यावरचा डाग पुसायला १९८८ उजाडलं. मला ते थोर वाटतात. पण नोकरीत येताना हे स्वप्न उराशी घेऊन येणारी मुलं मला धास्तीची वाटतात. तीस वर्षांत तुझ्यासमोर बोर्दो बहुधा येणार नाही, अपुऱ्या कागदांची माणसं मात्र रोज येतील.

आता वाटा. इमिग्रेशनचा तुझा 'किंवा' बराचसा वयानेच सोडवलाय. आयबीच्या एसीआयओ, म्हणजे सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी भरतीला खुल्या गटात २७ पर्यंतच बसता येतं. आयपीएस होऊन किंवा दुसऱ्या सरकारी सेवेतून प्रतिनियुक्तीवर जाता येतं, पण ते आडवळण झालं.

परराष्ट्र खात्याची हमरस्त्याची वाट यूपीएससी. खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, म्हणजे तुझ्याकडे प्रयत्नांपेक्षा वर्षं कमी आहेत. कायदा हा वैकल्पिक विषय घेता येतो. राज्यघटना, प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, फौजदारी, करार. तुझा निम्मा अभ्यास झालेला आहे, पण वकील तिथे हमखास एक चूक करतात, निबंधातही युक्तिवाद ठोकतात. पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर टाकायची. सेवा छोटी आहे, जागा मोजक्या. निवड झाली तर मसुरी, मग दिल्लीची सुषमा स्वराज संस्था, मग एक परकी भाषा, आणि ती पास होईपर्यंत बढती अडते. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. इंग्रजीची धास्ती असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटच्या ज्ञानेश्वर मुळ्यांचं नाव लक्षात ठेव. ते जपानी शिकले, न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले, आणि पोस्टात पासपोर्ट केंद्रं निघाली तेव्हा खात्यात ते काम त्यांच्याकडे होतं.

दुसरी वाट लोक सांगत नाहीत, कारण ती कमी झगमगीत आहे. एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं. मूळ वेतन ४४,९०० आणि वयाची मर्यादा ३०. दूतावासात लोकांना प्रत्यक्ष भेटणारी, फोन उचलणारी पुष्कळशी माणसं याच वाटेने आलेली असतात. इंदापूरला अकरा दिवस फोन करणारा तुझा तो अधिकारी याच वाटेने आला असेल तर मला नवल वाटणार नाही. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचा वकिलांना कंटाळा असतो, पण यंदाची संधी सोडू नकोस. पुढच्या वाढदिवसानंतर ती उरणार नाही.

तिसरी वाट, मंत्रालयाचा विधी आणि करार विभाग. तो १९५७ पासून आहे. जागा थोड्या, जाहिरात कधीतरी निघते, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची तयारी लागते. समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर २०१७ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या भारतीय महिला नीरू चढ्ढा या विभागाच्या प्रमुख होत्या. पण तिथे खिडकी नाही. तुला माणसं हवीत असं पत्रावरून दिसतं, म्हणून मी ही वाट तुझ्यासाठी मागे ठेवते.

आईच्या काळजीबद्दल. १९४९ साली सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या काळात नियमच होता, बाईने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची, आणि घरसंसारामुळे कामात अडथळा येतो असं वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता यायचं. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलंच सुनावलं. आता नियम आड येत नाही. दर तीन वर्षांनी घर हलवायला तयार असलेला नवरा मिळणं, ही अडचण मात्र खरी आहे. माझी आई शेवटपर्यंत विचारत राहिली, आता कुठे बदली? धनकवडीत आईबाबा एकटे पडतील, त्याचं काय ते त्यांच्याशी आत्ताच बोल. मी बोलले नव्हते.

सनदेची भीती बाळगू नकोस. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ आहे. नोकरी लागल्यावर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची. ती मरत नाही, झोपते. परत यायचं तर अर्ज करून उठवता येते. पण परीक्षेची तयारी करायची म्हणून आजच कोर्ट सोडू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तुझी चार झालीत, तेही दार उघडं आहे. सरांना मात्र या आठवड्यातच सांग, आणि सांगताना तुझ्या हातातल्या चालू प्रकरणांची यादी तारखांसकट घेऊन जा. ते चिडतील ते खिडकीवर नाही, चांगला ज्युनियर जातोय यावर. माझे सर वर्षभर बोलले नाहीत. नंतर त्यांच्याच मुलाच्या कुलमुखत्यारपत्रासाठी मला फोन आला.

निर्णय मात्र मी तुला देणार नाही, एक काम देते. तुझ्या कपाटात पासपोर्टच्या परवानगीचे जुने अर्ज असतील. त्यातले दहा काढ. नुसता एफआयआर असलेले, आरोपपत्र दाखल झालेले, नवराबायकोच्या भांडणातले, आणि एखादा असा की अशील परत येणार नाही असं तुला आतून वाटत होतं आणि तरीही तू अर्ज केलास. आता त्यांची वकील राहू नकोस, पासपोर्ट अधिकारी हो. प्रत्येकावर एक पान आदेश लिही: देते की नाकारते, आणि का. कारण असं हवं की दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखीच एखादी ज्युनियर ते घेऊन हायकोर्टात गेली तर टिकलं पाहिजे. वकिलासारखं दोन्हीकडून लिहू नकोस, खाली एकच सही असते.

एका रविवारात होईल. दहापैकी कुठल्या अर्जावर तुझं पेन सगळ्यात जास्त वेळ अडलं, तेवढं मला कळव. बाकीचं आपण त्यावरून बोलू.

— तुझी ताई